सहावं फाटक

सकाळी सहाला एमरिसच्या खाणीवर पोचलो तेव्हा
मेंढ्या होत्या, धुकं होतं,
आणि भाड्याचा संडास अजून आलेला नव्हता.
यातली तिसरीच गोष्ट माझ्या वहीत होती.

वहीत बाकीही बरंच असतं :
रुग्णवाहिकेवाल्याचा नंबर, विम्याचा कागद,
पलीकडच्या मिसेस प्रोथेरोंना दिलेला शब्द
की चॅपेलमधली प्रार्थना सुटेपर्यंत
एकही इंजिन तोंड उघडणार नाही.
एमरिस जमिनीचे पैसे घेत नाही.
त्याला एक बाटली लागते,
आणि "फाटक लावलंत ना?" हे तीनदा विचारायला मिळालं पाहिजे.

बांबूच्या काठ्या मी आणि इडवाल रोवतो.
दोन काठ्यांमधून गाडी जायची, काठीला न शिवता.
बारापासून उलटी मोजणी, बारा, अकरा, दहा,
जिथे शिवलात तो आकडा तुमच्या नावावर.
सगळं सुटलं तर शून्य.
आमच्याकडे शून्याला टाळ्या पडतात
हे माझ्या बहिणीला अजून पटलेलं नाही.
ती बँकेत होती.

इडवाल चिखलाचा जाणकार.
बोट बुडवतो, वास घेतो,
काठी वीतभर डावीकडे सरकवतो
आणि लांब जाऊन डोळे बारीक करून बघतो,
लग्नाच्या फोटोत सगळे मावतायत का बघावं तसा.
त्या वीतभरापायी दुपारी त्याला अकरा जण शिव्या देतील.
त्या ऐकायलाच तो येतो असा माझा कयास आहे.

मी कधी चालवली नाही.
लोक विचारतात, मग कशाला? पगार नाही, पेट्रोल पदरचं.
मी म्हणते, सूप चांगलं असतं.
चढावर चाकं नुसती फिरत राहतात, फिरत राहतात,
संपलं असं वाटतं, आणि मग रबराला कुठलासा दगड सापडतो,
तेव्हा माझ्या पोटातही काहीतरी पकड घेतं :
हे असं कुणाला सांगायचं?

तर हेविन.
एकोणीस वर्षं येतोय, एकदाही जिंकलेला नाही.
गाडीला होडीचा उरलेला निळा रंग, ब्रशचे फराटे दिसतात,
शेजारच्या सीटवर मुलगी नॉन, दात आवळून.
चौथ्या चढावर पंच मी होते,
हातात पाटी आणि पेन्सिल, पावसात पेन रुसतं म्हणून.
आठ. सात.
तेवढ्यात वर घार आली, तांबडी, दुभंगल्या शेपटीची.
एक श्वासभर मी वर पाहिलं.
खाली पाहिलं तर तो सहाच्या पलीकडे
आणि काठी हलत होती.

वारा होता. वारा होताच.
पाचाची काठी मात्र गप्प उभी.

पाच, चार, तीन, दोन, एक.
थांबला. काच खाली केली. विचारलं काहीच नाही,
माझ्याकडे पाहिलं, मग पेन्सिलीकडे.
नियम सांगतो, संशयाचा फायदा चालकाला.
संशय किती असावा, ते नियमात नाही.
मी शून्य काढलं. घाईत वर जराशी शेंडी राहिली.
आमचा सहा असाच दिसतो.
शेंडी मी खोडली.

चार गुणांनी जिंकला.
नॉनने कपातूनच सूप प्यायलं, कप गळत होता.

सगळे गेले की काठ्या उपटायच्या,
चाकांच्या घळी फावड्याने बुजवायच्या,
कुणाचा तरी एक हातमोजा राहतोच, तो वहीबरोबर ठेवायचा.
सहाच्या डाव्या काठीवर, गुडघ्याएवढ्या उंचीला,
निळा ओरखडा.
नखाने खरवडला. निघेना.
होडीचा रंग, तो पाण्यात टिकायलाच केलेला.

इडवालने पाहिलं. त्याने पाहिलेलं मी पाहिलं.
मोळीला दोरी आवळत तो म्हणाला,
"मार्चमध्ये ही बाराला लावू.
बाराला कुणीच शिवत नाही."

वरून एमरिसची हाक, फाटक लावलंत ना?
लावलं, मी ओरडले.
लावलं ना?
लावलं.
तिसऱ्यांदा त्याने विचारलं तेव्हा
मी परत जाऊन कडी हलवून पाहिली.